कोंबडीच, फक्त मोठ्या मापाची

“हॅलो?… हॅलो, कोण?… अगं अक्का, तू होय! मला वाटलं लेकच… नाही, नाही, अजून नाही आली… हो, आज रविवार. अगं रविवार आहे म्हणूनच तर… ऐक ना. तुझा फोन आला हे बरं झालं. मला एक सांग, शिजल्यावर टर्की कशी दिसते?… टर्की. टर्की गं, तो मोठा पक्षी… नाही, डोकं फिरलेलं नाही माझं. म्हणजे फिरलंय, पण त्याला कारण आहे.”

टेपकाकांनी रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात दाबला. त्यांच्या गळ्यात सदा मोजपट्टी लटकलेली, म्हणून गल्लीने शिंपीकाकांचे टेपकाका करून टाकले होते. आज दुकान बंद, तरी पट्टी गळ्यातच होती, आणि तिचं एक टोक रश्श्यात बुडून तपकिरी झालं होतं. फोन होता बोळातल्या भिंतीवर. त्याची वेटोळ्यांची वायर ताणून ताणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायची, शेगडीपर्यंत काही पोचायची नाही. म्हणजे एक तर थोरल्या बहिणीशी बोलायचं, नाही तर भांड्यात बघायचं. दोन्ही एकदम करायची सोय नव्हती.

“सांगतो ना कारण. शेगडीवर दोन भांडी आहेत. एकात कोंबडी आहे, एकात टर्की आहे… हो, दोन्ही… अगं दोन्ही का ते नंतर विचार. आधी हे ऐक, की कुठल्यात काय आहे ते मला माहीत नाही… मीच शिजवलं, दुसरं कोण आहे इथं शिजवायला?… हो. मीच शिजवलं आणि मलाच माहीत नाही. हस. हसून घे… झालं हसून?… बरं, अजून थोडं हस.”

“आता पहिल्यापासून सांगतो. काल खाटकाकडे गेलो होतो… नाही, म्हातारा नाही बसत आता, त्याचा जावई बसतो. तर एकच कोंबडी उरलेली, एवढीशी… म्हटलं, लेक जेवायला येतेय, ही पुरायची नाही. तर म्हणाला, काका, ही टर्कीची तंगडी घ्या सोबत. म्हटलं, टर्की नको बाबा. तर म्हणतो कसा, काका, ती पण कोंबडीच हो, फक्त मोठ्या मापाची… आता तूच सांग, शिंप्याला असं म्हटल्यावर शिंपी काय समजणार?… पोराचा सदरा आणि बापाचा सदरा. बेत तोच, कापड जास्त… म्हटलं, दे दोन्ही. एक बिघडलं तर एक असेल.”

“हं… हं… नाही, सकाळी बसलो कापायला. कात्रीनं… कात्रीनं गं… दुकानातली नाही! म्हणजे दुकानातलीच, पण जुनी, घासून घेतली. सुरी हातात धरली की मला माझीच बोटं दिसायला लागतात… हाडं सगळी काढली, अस्तर उसवावं तशी. आणि तुकडे केले एका मापाचे… दोन्हींचे. एकसारखे… हो ना, तिथंच चुकलं… हाडं? हाडं मागच्या दारी कुत्र्याला घातली… आता कुत्र्याला काय विचारू?”

“खूण केली होती ना! तेवढी अक्कल आहे मला. जन्मभर लोकांचे कपडे शिवतोय, कुणाची विजार कुणाला गेली नाही. दोन्ही झाकणांवर खडूनं लिहिलं. एकावर ‘को’, एकावर ‘ट’… कुठला खडू म्हणजे? माझा खडू. कापडावरचा… अक्का. आता काही बोलू नकोस… वाफेनं… हो, वाफेनंच गेलं. दोन्ही… कापडावर वाफेची इस्त्री फिरवली की खडूची खूण जाते, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. रोज!”

पलीकडे अक्का पुन्हा हसायला लागली असावी, कारण टेपकाका रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून उभे राहिले. तेवढ्यात शेगडीवर एका झाकणानं टुणकन उडी मारली. त्यांनी वायर ताणून पाहिलं, पण काही कळलं नाही. दोन्ही भांडी जोडीनं आणलेली, दोन्हींना सारखाच एकेक पोचा. रस्साही सारखाच, कांदा, लसूण, मिरी आणि बटाट्याचे काप. दोन जुळ्या भावांना एकाच कापडाचे कपडे घालून आई गावाला निघून जावी, तसं झालं होतं.

“तुला गंमत वाटतेय, अक्का. इथं माझा मुक्काम पणाला लागलाय… अगं, लेकीनं तुला सांगितलं नाही?… काय सांगितलं? ‘बाबांकडे जेवायला जातेय’, एवढंच?… वा. मग ऐक. मागच्या खेपेला आली होती ना ती, तेव्हा दोरीवर माझी विजार वाळत होती. तिनं ती उलटी करून पाहिली… कमरेला आतून दोन शिवणी. एक जुनी, एक ताजी… शिंप्याचीच पोर ती, तिला शिवण वाचायला काय शिकवायचं! म्हणाली, बाबा, तुम्ही विजार दोनदा आत घेतलीत. मी म्हटलं, कापड धुऊन धुऊन सैल पडतं. तर म्हणते, कापड धुऊन आटतं, बाबा, सैल पडत नाही… माझंच मला शिकवलं.”

“हो… हो… मग म्हणाली, मी एका रविवारी येते. एक वेळचं नीट जेवण स्वतः रांधून माझ्यापुढे ठेवा. ठेवलंत तर राहा इथं खुशाल. नाही तर मी रिकामी बॅग घेऊन येईन आणि भरून घेऊन जाईन… कपडे भरून. आणि कपड्यांच्या मागोमाग मला… मोठी बॅग. चाकांची… नाही गं, भांडली नाही. भांडली असती तर बरं. शांतपणे म्हणाली.”

“तिचं घर चांगलंच आहे, मी कुठं नाही म्हणतोय? पण किती उंचावर! खिडकीतून खाली नुसती माणसांची डोकी दिसतात. डोक्यांची मापं घेऊ?… मशीन कुठं ठेवायचं? म्हणते, बाबा, आता मशीन कशाला, आराम करा. आराम केला की मला झोप येत नाही, अक्का… इथं कसं, सकाळी फळी उघडली की कोणी ना कोणी विचारतंच, काका, झाली का बाही. तिथं मला कोण काय विचारणार?”

“जेवतो ना… चहा-पाव हेही जेवणच… अगं रांधतोही! तुला सांगितलं नाही कधी. कुणालाच सांगितलं नाही. दर रविवारी रांधतो. कोंबडी. ही करायची तश्शी… कांदा तोच, मिरी तीच, भांडं तेच. पण चव नाही येत. ही गेल्यापासून एकदा नाही आली… घास घेतो आणि झाकून ठेवतो. दुसऱ्या दिवशी गरम करावं तर नुसत्या दोऱ्या दोऱ्या. मग कुत्रा खातो… कुत्रा? गुबगुबीत. तो विजार घालत असता तर शिवण सोडून मला ती वाढवावी लागली असती.”

या विनोदावर अक्का हसली नाही. टेपकाकांनी वाट पाहिली. फोनमध्ये नुसती खरखर.

“हॅलो?… अक्का?… गप्प का झालीस?… बरं, ठसका. पाणी पी… प्यायलीस? मग सांग आता काय करू. ती कुठल्याही क्षणी येईल… रंग बघू? थांब. रिसीव्हर इथं ठेवतो, तू फोन ठेवू नकोस. ठेवू नकोस हं!”

रिसीव्हर त्यांनी उंबऱ्याशी पिठाच्या डब्यावर ठेवला, लगबगीनं शेगडीपाशी गेले, एक झाकण उचललं, ते परत ठेवलं, दुसरं उचललं. चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसायला सदऱ्याचं टोक शोधता शोधता पहिल्या भांड्यात काय पाहिलं ते विसरले. पुन्हा पहिलं झाकण उचललं.

“हॅलो? आहेस ना?… डावीकडचं पांढरट आहे. उजवीकडचं काळपट… तपकिरी म्हण… पांढरट ती कोंबडी? बरं… काय?… कोंबडीची तंगडीही काळपट असते?… आणि टर्कीची छाती पांढरी?… मग झालं की! पांढरट म्हणजे कोंबडी किंवा टर्की, आणि काळपट म्हणजे टर्की किंवा कोंबडी. फार उपयोग झाला तुझा… हो, तंगडीच आणली टर्कीची, छाती नाही… म्हणजे मग काळपट ती… थांब, थांब. डावीकडचं काळपट की उजवीकडचं?… अगं, शेगडीकडे तोंड करून डावं, की आता फोनकडे तोंड आहे तसं डावं? गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याचा डावा खांदा माझ्या उजव्या हाताला येतो. जन्मभर माझं डावं-उजवं उलटंच आहे.”

“हं… हे बरं सुचवलंस. थांब.”

ते दुकानात गेले आणि मुठीत दोन वस्तू घेऊन आले. एका झाकणावर बोटात घालायचा अंगुस्ताना ठेवला, दुसऱ्यावर दोऱ्याचं रीळ.

“हॅलो? आता ऐक. अंगुस्तान्याचं भांडं पांढरट. रिळाचं भांडं काळपट. आता वाफेचा बाप आला तरी पुसलं जायचं नाही… दाबून बघू? बोटानं?… चमच्यानं. बरं… थांब… हॅलो? अंगुस्तान्याचं लगेच सुटलं. दोरे दोरे. जुनी मलमल फाटावी तसं. रिळाचं उभं आहे. दाबलं की दबतं, सोडलं की वर येतं. चांगल्या लोकरीच्या कापडासारखं… मग झालं तर! अंगुस्ताना म्हणजे टर्की… का म्हणजे? सुका चोथा, तोंडात दोऱ्या. टर्की अशीच असते. खाल्लीय मी.”

“हो, त्याच लग्नात. आमचं लग्न झाल्यावर पहिल्यांदाच हिला घेऊन बाहेर जेवायला गेलो होतो… कापं वाढली होती टर्कीची, पांढरी, जाड. घशाखाली उतरेना… काय म्हणालो होतो? हां! ‘हा कॉलरीत घालायचा कडक बकरम आहे, उकडलेला.’ सगळं टेबल हसलं… आणि हिला बजावलं, हा पक्षी आपल्या घरात येता कामा नये… हो, मोठ्यानं म्हणालो असेन. सगळ्यांसमोर म्हणालो… तुझ्या बरं लक्षात राहिलं, कोण काय म्हणालं ते!”

“चव?… नाही घेतली अजून… भीती वाटते, दुसरं काय! दोन्ही वाईट निघाली तर?… बरं, घेतो. ओरडू नकोस. घेतो.”

अंगुस्तान्याच्या भांड्यातला घास त्यांनी आधी घेतला. तो दर रविवारचाच घास होता. आधी मिरी लागली, मग रस्सा, आणि मग दातात अडकणारे दोरे. त्यांनी मान हलवली. मग रिळाच्या भांड्यात चमचा घातला, तुकडा फुंकला, तोंडात टाकला. चावला. चावणं थांबलं. चमचा हातातच राहिला. शेगडीसमोर ते कुणीतरी मागून हाक मारल्यासारखे उभे होते. दुसरा तुकडा घेतला. तिसरा फुंकायचंसुद्धा विसरले.

“अक्का… हॅलो… हो, घेतली… नाही, जीभ नाही भाजली. म्हणजे भाजली, पण ते नाही… अगं, आली… चव. हिची. रिळाच्या भांड्यात… तीच गं. तीच! दुकानातून आत यायचो, ही ताटली पुढं करायची… थांब, मला स्टूल ओढू दे… बसलो… रविवारमागून रविवार कोंबड्या शिजवल्या, कधी जमली नाही, आणि आज जमली. आजच! तीही लेक यायच्या दिवशी… मग ठरलं, अक्का. रीळ म्हणजे माझी कोंबडी. तीच वाढतो. अंगुस्ताना जातो कुत्र्याला.”

“नाही म्हणजे?… नाही कसं?… अगं, काळपट आहे म्हणून काय झालं?… उभं आहे म्हणून… अक्का, तूच मघाशी म्हणालीस की… असं म्हणाली नव्हतीस?… मग कसं म्हणाली होतीस?… हं… इतका वेळ शिजल्यावर कोंबडीच्या दोऱ्या होतात… हं… टर्कीच्या तंगडीला मुळी वेळच लागतो… म्हणजे अंगुस्ताना कोंबडी. मग रिळात काय आहे?… टर्की?… शक्य नाही… अगं शक्य नाही, मी सांगतो ना! ही हिची चव आहे. आणि हिनं टर्की कधी घरात… हिनं कधी…”

“… काय?”

“परत सांग… हळू सांग… पहिल्यापासून?… पहिल्यापासून म्हणजे, त्या लग्नानंतर लगेच?”

टेपकाकांनी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला, जणू दुसऱ्या कानाला काही वेगळं ऐकू येईल. तिकडेही तेच होतं.

“म्हणजे मी जन्मभर जी कोंबडी खाल्ली… ती कोंबडी नव्हतीच?… कधी कधी होती? कधी कधी म्हणजे कधी?… मी आजारी असताना. घरात असायचो म्हणून… हं… आणि पाहुण्यांपुढे ‘आमच्या घरच्या कोंबडीसारखी कोंबडी नाही’ म्हणून मिरवायचो, तेव्हा?… टर्की. आणि तू समोर बसून खायचीस. मान डोलवत खायचीस!… खाटकालाही माहीत? म्हाताऱ्याला? म्हणून तो मला बघून हसायचा! मला वाटायचं माझ्या चालीला हसतो. मी चाल बदलली होती, अक्का!”

“आणि तू ताकास तूर लागू दिली नाहीस… हिनं शपथ घातली होती. बायकांच्या शपथा!… अगं पण ती गेल्यावर तरी सांगायचंस. मी इथं एकेक कोंबडी शिजवतोय आणि एकेक शिवण आत घेतोय… मी रांधतो हेच तुला माहीत नव्हतं… हो. खरं आहे. मीच सांगितलं नव्हतं… बरं, बरं, दोघंही मुके. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं… रडू नकोस. रडायचं मी, तू कशाला?”

“पण का? मला एवढंच सांग. मी नको म्हटलं म्हणून मुद्दाम? सगळ्यांसमोर बोललो म्हणून सूड?… नाही?… मग?”

पलीकडची अक्का आता बरंच काही बोलत होती. टेपकाका ऐकत होते आणि बोटानं मोजपट्टीचं भिजलेलं टोक गुंडाळत होते, सोडत होते.

“थांबते म्हणजे?… कोण थांबते?… टर्की थांबते. हं… कोंबडी थांबत नाही… झाली की लगेच खावी लागते. हो, ते मला चांगलं समजलंय… आणि तंगडी मंद आचेवर ठेवून दिली तर… कितीही वेळ. आणि पुन्हा गरम केली तरी… हं. मग?… मी? मी काय?… नाही, तसं रोज नाही… हो, म्हणायचो. ‘एवढी बाही लावतो आणि येतो.’… बाही झाली की कॉलर… हो. दुपारचं संध्याकाळी जेवायचो, खरं आहे… लग्नसराईत तर… हो, अक्का. खरं आहे… म्हणून?”

“… मला वाटायचं, हिच्या हातालाच उशीर चालतो. कधीही या, ताटलीत तेच, तसंच, मऊ… एकदा नाही म्हणाली गं, की वेळेवर या. मला काही म्हणाली नाही. पक्षी बदलला.”

त्यांनी शेगडीकडे पाहिलं. तिथली दोन भांडी आपापलं बोलत होती, एक फुटफुटत, एक अगदी हळू.

“हॅलो… आहे, आहे. कुठं जातोय मी… आणि पोरीला?… तिलाही माहीत?… तीच आणायची खाटकाकडून?… शाळेतून येताना, दप्तरात?… म्हणून त्या वह्यांना तेलकट डाग! मी तिला रागवायचो, खाऊ दप्तरात ठेवू नकोस म्हणून… म्हणजे या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत. भिंतींनाही माहीत असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो वळसा मी कितीदा घातला!”

“मग आता तिच्यापुढे वाढू काय?… रीळ. हो, रीळच. पण काय म्हणून वाढू?… कोंबडी म्हणून वाढली तर तिला वाटेल, बाबांना अजून कळलंच नाही. टर्की म्हणून वाढली तर हिचं इतक्या वर्षांचं झाकण मी उघडल्यासारखं… आणि तिला वाटलं, की मला कळलंय पण मी दाखवत नाही, तर मग मी काय दाखवायचं?… अक्का, मघाशी फक्त भांड्यांत घोटाळा होता. आता माझ्यातच झाला.”

“हं, सांग… सांग, ऐकतोय. घाई असेल त्या दिवशी कोंबडी… दुकानात काम जास्त असेल तर तंगडी, सकाळीच मंद आचेवर… छाती आणायची नाही. छाती म्हणजे तो लग्नातला बकरम… बरं. ती निराळी शिजवतात? निराळीच राहू दे… आणि अंगुस्तान्याचं उद्या पावात भरून खायचं, थोडं लोणी लावून. कुत्र्याला नाही… बरं, कुत्र्याला थोडं.”

“ती अजून आली नाही बघ. कधीची वेळ सांगितली होती… गाडी चुकली असेल. किंवा फोन करत असेल आणि तू अडवून बसलीयस… नाही, नाही, तू बोल… येऊ दे उशिरा. आज कितीही उशिरा येऊ दे… हो. आता कळलं ना मला—”

“बेल! बेल वाजली, अक्का! आली. ठेवतो. काय म्हणून वाढू ते सांगितलंच नाहीस… नको, आता नको सांगू, ठेवतो!”

ठेवतो म्हणाले, पण घाईत रिसीव्हर गेला पुन्हा पिठाच्या डब्यावर, कान वर करून. दाराकडे जाताना मोजपट्टी गळ्यातून काढून खुंटीला लावावी असं त्यांच्या मनात आलं, आणि ती त्यांनी अंगुस्तान्याच्या झाकणावर ठेवली. लेक हळू बोलणारी. तिचं बोलणं काही फोनपर्यंत पोचेना. अक्काच्या कानी पडत होता तो तिच्या भावाचाच आवाज, आधी लांबून, मग जवळून.

“ये, ये… उशीर? कुठं उशीर? मला तर कळलंही नाही… फोनवर होतो. तुझी आत्या. तिचं काय, बोलतच बसते… नाही गं, गार नाही झालं काही. काही बिघडलं नाही… ही बॅग होय?… मोठी आहे… चाकं चांगली आहेत… राहू दे, राहू दे दाराशी. आधी हात धू… झाकण उघडू नकोस, मी वाढतो! बस तिथं… नाही, त्या भांड्यातलं नाही. रिळाच्या… रीळ म्हणजे ते रीळ ठेवलंय ना, ते. तुला नंतर सांगतो… घे. पाव घे.”

“… काय? काय आहे म्हणजे?”

ताटली तिच्यापुढे ठेवून टेपकाका उभे राहिले. लेकीनं एक घास खाल्ला होता आणि मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. नाक आईचं, भुवया त्यांच्या. काय उत्तर द्यायचं ते अजून ठरलंच नव्हतं. तोंडातून आपोआप आलं ते आलं.

“कोंबडी… हो, कोंबडीच. नेहमीची… फक्त मोठ्या मापाची.”

“काय झालं?… हसतेस का?… रडतेस होय? एक काहीतरी कर, बाळा, मला कळेना… तिखट झालं का?… बरं, बरं. जेव… अजून? वाढतो ना. आहे भरपूर, तंगडी मोठी… म्हणजे कोंबडी मोठी होती.”

दुसऱ्यांदा वाढून, हात पुसत ते पाणी आणायला वळले, तेव्हा पिठाच्या डब्यावरून बारीक आवाज आल्यासारखा वाटला.

“हॅलो?… तू अजून आहेस!… सगळं ऐकलंस?… हो, जेवतेय. दुसऱ्यांदा घेतलं… हळू बोल. बॅग? बॅगेचं काही बोलली नाही अजून… थांब. उठली… हात धुतले… अक्का, बॅगेकडे चालली. ओढून आणतेय इकडे… काय गं बाळा? काय म्हणालीस?… विजारी?… सगळ्या?… खुंटीवर आहेत, आतल्या खोलीत… अक्का, विजारी मागतेय. सगळ्या. संपलं. नीट जेवण पुढं ठेवलं, तरी… रिळाचं की अंगुस्तान्याचं याला काही अर्थच नव्हता… हो, ऐकतोय तुझं, पण काय करू? आणल्या तिनं… घेऊन बसली… बॅगेवरच बसली, स्टूल मी घेऊन बसलोय ना… नाही, उघडली नाही. वर बसलीय.”

“काय पाहिजे, बाळा?… कात्री?… ती नको, ती… म्हणजे, ती स्वयंपाकाची आहे आज. छोटी घे, मशीनच्या खणात… हॅलो. छोटी कात्री घेतलीय. विजार उलटी केली… उसवतेय, अक्का… शिवण. कमरेची… नवी, नवी. ताजी शिवण. जुनी तशीच ठेवली… म्हणजे कमर एक माप सैल… आता दुसरी विजार घेतली… हिचीही नवीच… मी कुठं विचारू? तोंडात दोरा धरलाय तिनं… याचा अर्थ काय समजू मी? राहा म्हणते की चला म्हणते?… तुला कळलं?… मग सांग ना!… नाही, तू हसतेस की रडतेस, तेही मला कळत नाही. या घराण्यात एक बाई सरळ काही सांगेल तर शपथ!”

“बरं… बरं, अक्का. कळलं… थोडं कळलं… ठेवतो. खरंच ठेवतो आता, मलाही जेवायचंय… गार? नाही होत गं. हे थांबतं.”